इंग्लंडमधल्या कॅथलिक प्रायमरी शाळेत ॲडमिशन: दोन फॉर्म, कागदपत्रं, आणि पुढे जमलं तर पॅरेंट गव्हर्नर

"आपण काही कॅथलिक नाही, मग तिथे अर्ज करून काय फायदा" असं दरवर्षी दिवाळीच्या आसपास कुणीतरी विचारतंच, आणि त्याच गप्पांमध्ये दुसरा कुणीतरी म्हणतो की अरे सरकारी पैशावर चालते ती शाळा, फी नाही काही नाही, मग घ्यावंच लागेल त्यांना. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मी हे फक्त इंग्लंडपुरतं लिहितेय हां, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, तिकडे राहत असाल तर इथल्या तारखा उचलून कॅलेंडरवर टाकू नका.

आधी ही शाळा म्हणजे नक्की काय प्रकरण ते. एकोणिसाव्या शतकात इथल्या बिशप लोकांचं धोरणच होतं की आधी शाळा बांधा, चर्च नंतर बघू. मग १९४४ च्या शिक्षण कायद्याने "व्हॉलंटरी एडेड" नावाचा प्रकार आणला, म्हणजे शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकारचा, बिल्डिंगच्या मोठ्या कामातला काही वाटा (आजच्या हिशोबाने साधारण १० टक्के) गव्हर्निंग बॉडीने, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाने, उभा करायचा, आणि त्या बदल्यात शाळेचं धार्मिक स्वरूप आणि ॲडमिशनचे नियम त्यांच्या हातात. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा २,००० हून जास्त कॅथलिक शाळा आहेत, त्यातल्या बऱ्याच आता अकॅडमी ट्रस्टखाली, म्हणजे काउन्सिलपासून वेगळ्या संस्थेखाली, गेल्यात पण बाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक कळत नाही.

आपल्या कामाचा मुद्दा हा की साध्या कम्युनिटी शाळेत कोणाला आधी घ्यायचं हे काउन्सिल, म्हणजे इथली महापालिका, ठरवते, इथे ते गव्हर्निंग बॉडी किंवा ट्रस्ट ठरवतो. त्यामुळे फॉर्म दोन. एक काउन्सिलचा कॉमन ॲप्लिकेशन फॉर्म, जो सगळ्यांनाच भरायचा असतो, आणि दुसरा शाळेचा सप्लिमेंटरी इन्फर्मेशन फॉर्म, ज्याला सगळे एसआयएफ म्हणतात. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. माझ्या एका मैत्रिणीने काउन्सिलचा फॉर्म नोव्हेंबरातच व्यवस्थित भरला, कॅथलिक शाळा पहिल्या नंबरवर टाकली, मुलाचा बाप्तिस्मा झालेला, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) कधी चुकत नाही, सगळं ठीक, फक्त एसआयएफ वेगळा द्यायचा असतो हे तिला माहीतच नव्हतं. शाळेकडे कागदच नाही म्हटल्यावर मुलगा गेला सगळ्यात शेवटच्या गटात आणि जागा हुकली. उलटही होतं, एसआयएफ शाळेच्या ऑफिसात नेऊन दिला आणि काउन्सिलचा फॉर्म राहिला, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही अर्जच केलेला नाही.

तारखा पाठ करून ठेवा. मूल ज्या शैक्षणिक वर्षात ५ वर्षांचं होणार त्या वर्षीच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला, जातं. म्हणजे सप्टेंबर २०२७ च्या रिसेप्शनसाठी १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ मधे जन्मलेली मुलं. अर्जाची शेवटची तारीख देशभर एकच, १५ जानेवारी, आणि निकाल १६ एप्रिलला, त्या दिवशी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. एसआयएफचीही शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी हीच असते, पण फादरची सही लागणार असेल तर ख्रिसमसच्या आधी उरकून घ्या, डिसेंबरच्या शेवटी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि आपण फॉर्म घेऊन दारात उभे, बरं नाही दिसत.

आता रांग कशी लागते. ज्या मुलाच्या ईएचसीपीमध्ये, म्हणजे विशेष गरजांच्या सरकारी प्लॅनमध्ये, त्या शाळेचं नाव आहे त्याला जागा द्यावीच लागते, ते रांगेच्या बाहेर. मग साधारणपणे असं: काउन्सिलच्या देखभालीखालची किंवा पूर्वी तशी असलेली कॅथलिक मुलं, मग बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलं, मग देखभालीखालची बाकीची मुलं, मग ऑर्थोडॉक्स वगैरे पूर्वेकडच्या चर्चची, मग इतर ख्रिश्चन पंथांची, मग इतर धर्मांची, आणि शेवटी "इतर कोणीही". गट किती आणि कोणत्या क्रमाने ते प्रत्येक शाळेचं थोडं वेगळं, म्हणून शाळेच्या वेबसाइटवरची ॲडमिशन पॉलिसी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, चार-पाच पानंच असतात. एका गटात जागांपेक्षा मुलं जास्त झाली की बहुतेक ठिकाणी आधी ज्यांची भावंडं त्या शाळेत आहेत ती मुलं आणि मग घरापासूनचं अंतर.

ही यादी वाचताना हिंदू, जैन, बौद्ध, मुस्लिम, शीख घरांनी एक बारीक गोष्ट बघा. बऱ्याच शाळांमध्ये "इतर धर्म" हा गट "इतर कोणीही"च्या वर असतो, पण त्यात बसायला तुमच्या धर्मस्थळाचं पत्र लागतं. म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांकडून किंवा समितीकडून दोन ओळी की हे कुटुंब आमच्या समाजातलं आहे. आपण घरी देव्हारा आहे, गणपती बसवतो, झालं की, अशा विचारात असतो आणि पत्राचं डोक्यातच येत नाही. एका पत्राने एक गट वर सरकता येतं, ते सोडू नका.

कॅथलिक घरांसाठी मुख्य कागद म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. तो वसईचा असो, गोव्याचा असो की मंगळूरचा, चालतो, चर्च एकच आहे. सायरो-मलबार किंवा सायरो-मलंकरा चर्चचे लोक पण कॅथलिकच धरले जातात कारण ते रोमशी जोडलेले आहेत, त्यांनी चुकून "इतर ख्रिश्चन"वर टिक करू नये. मूळ दाखला गावी राहिला असेल तर तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवहीतून उतारा काढून मागवावा लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून हे सप्टेंबरातच सुरू करा. वेस्टमिन्स्टरसारख्या काही डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या विभागांत, याशिवाय सर्टिफिकेट ऑफ कॅथलिक प्रॅक्टिस लागतं, त्यावर पॅरिशचे फादर सही करतात की हे कुटुंब नियमित मिस्साला येतं. नवीन आला असाल तर आल्या आल्या पॅरिशमध्ये नाव नोंदवा, फादरना तोंडओळखच नसेल तर ते बिचारे सही कशाच्या जोरावर करणार.

पत्त्याचा पुरावा काउन्सिल मागते, काउन्सिल टॅक्सचं पत्र किंवा भाडेकरार वगैरे. जन्मतारखेचा पुरावा शाळा जागा दिल्यानंतर मागू शकते, पण आईवडिलांची माहिती असलेला लांब जन्मदाखला मागायला परवानगी नाही. आणि हो, एसआयएफमध्ये तुमचं लग्न झालंय का, पगार किती, घरी भाषा कोणती, हे विचारता येत नाही. दोन्ही पालकांच्या सह्या पाहिजेतच असंही म्हणता येत नाही. ॲडमिशनसाठी पालकांचा किंवा मुलाचा इंटरव्ह्यू नाही, डोनेशन तर नाहीच नाही. शाळा तुमच्याकडे ऐच्छिक वर्गणी मागू शकते पण त्याचा जागेशी काडीचा संबंध ठेवता येत नाही. आपल्याकडचा अनुभव डोक्यात असतो म्हणून मुद्दाम सांगितलं, चेकबुक घेऊन हेडटीचरला भेटायला जाऊ नका, हात दाखवून अवलक्षण होईल.

व्हिसाचा प्रश्न खूप जण घाबरत घाबरत विचारतात. वर्क व्हिसावर आलेल्यांच्या डिपेंडंट मुलांना सरकारी शाळेत जाता येतं. व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत, असं लिहिलेलं असतं, त्यात शाळा येत नाही.

मग चान्स किती आहे हे कसं कळणार? कायदा असा आहे की जागांपेक्षा अर्ज कमी आले तर शाळेला धर्म न बघता सगळ्यांना घ्यावंच लागतं. म्हणून शाळेच्या नावाला बिचकण्यापेक्षा दोन आकडे बघा: शाळेची ठरलेली प्रवेशसंख्या, ३० किंवा ६० अशी असते, आणि मागच्या वर्षी शेवटची जागा कितव्या गटाला गेली. हा दुसरा आकडा बऱ्याच काउन्सिलच्या प्रवेश पुस्तिकेत मिळतो, नसेल तर शाळेच्या ऑफिसला फोन करा. काही शाळांत कॅथलिक मुलांच्याच अर्ध्याअधिक अर्जांना नकार जातो, आणि काही ठिकाणी सगळे गट संपून जागा उरतात. दोन शाळा एकाच रस्त्यावर असल्या तरी असं असू शकतं.

पसंतीक्रम लावताना हुशारी करायला जाऊ नका. काउन्सिलने किमान ३ पसंती द्यायला हव्यात, लंडनमध्ये ६ मिळतात. तुम्ही कोणती शाळा कितव्या नंबरवर टाकली हे शाळेला कळत नाही, प्रत्येक शाळा तिच्या नियमाने रांग लावते आणि ज्या ज्या ठिकाणी तुमचा नंबर लागतो त्यातली तुमची सगळ्यात वरची मिळते. म्हणून खरंच आवडते ती शाळा वर टाका, पण शेवटी घराजवळची एक खात्रीची शाळा असू द्या. फक्त एकच नाव टाकलं म्हणून जोर वाढत नाही, उलट तिथे नाही लागला नंबर तर उरलेल्यातली कुठलीतरी लांबची गळ्यात पडते.

नाही मिळाली तर वेटिंग लिस्ट आहे, ती किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालवावी लागते. पण ती आधी येईल त्याला आधी अशी नसते, तीही गटाप्रमाणेच, त्यामुळे आज तिसरे असाल आणि उद्या कोणी कॅथलिक कुटुंब राहायला आलं तर चौथे व्हाल, भांडून उपयोग नाही. अपील करता येतं, नकार मिळाल्यापासून किमान २० शाळेचे दिवस तुमच्या हातात असतात, पैसे लागत नाहीत, ऐकणारं पॅनल शाळेपासून स्वतंत्र असतं. फक्त खरं सांगायचं तर रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ मध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि वर्ग त्या आकड्याला टेकला असेल तर "आम्हाला ही शाळा फार आवडते" या मुद्द्यावर काही होत नाही. नियमच बेकायदा होते, किंवा नियम चुकीचे लावले आणि नाहीतर जागा मिळाली असती, किंवा निर्णय अगदीच अवाजवी होता, असं काही दाखवावं लागतं.

वर्षाच्या मधेच भारतातून आलात तर तो इन-इयर अर्ज. काही ठिकाणी काउन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे, पण एसआयएफ तेव्हाही लागतो. उत्तर जास्तीत जास्त १५ शाळेच्या दिवसांत द्यावं लागतं.

जागा मिळाली, गंगेत घोडं न्हालं, आता आत काय चालतं तेही माहीत असू दे. बिशपांच्या नियमाप्रमाणे शिकवण्याच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ धर्मशिक्षणाला जातो, प्रार्थना रोज. तुम्ही लेखी कळवून मुलाला यातून पूर्ण किंवा थोडं बाहेर ठेवू शकता, तो कायदेशीर हक्क आहे. पण माझं मत विचाराल तर अशा शाळेत सगळं वर्षच त्याच धाग्यावर फिरतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात हार्वेस्टला (सुगीच्या सणाला) डबाबंद अन्न गोळा करणं, डिसेंबरात नेटिव्हिटीचं, म्हणजे येशूजन्माचं, नाटक, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमवणं, मे महिन्यात मेरीची मिरवणूक, जुलैमध्ये इयर ६ ची निरोपाची मिस्सा. ते सगळं नको असेल तर शाळा निवडतानाच विचार करा, पोराला एकटं लायब्ररीत बसवण्यापेक्षा ते बरं. बाकी अभ्यास कुठल्याही शाळेसारखाच, इयर १ ला फोनिक्सची चाचणी, इयर ४ ला पाढे, इयर ६ ला मे महिन्यात सॅट्स, म्हणजे देशभरची परीक्षा. इयर २ पर्यंत दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. दिवाळीची एक दिवसाची सुट्टी धार्मिक कारणाने मंजूर होते, आधी पत्र द्या. पण स्वस्त तिकीट मिळालं म्हणून शाळेच्या सुट्टीच्या दहा दिवस आधी पुण्याला पळालात तर ऑगस्ट २०२४ पासून दंड प्रत्येक पालकामागे, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत नाही भरला तर १६०.

आणि आता ज्याकडे आपले लोक ढुंकून बघत नाहीत ते, पॅरेंट गव्हर्नर. व्हॉलंटरी एडेड शाळेच्या गव्हर्निंग बॉडीत चर्चच्या बाजूचे फाउंडेशन गव्हर्नर बिशप नेमतात आणि ते बाकी सगळ्यांपेक्षा दोनने जास्त असावे लागतात, म्हणजे बहुमत चर्चचंच. पण पालकांनी निवडून दिलेले किमान २ गव्हर्नरही असावे लागतात आणि त्यांना कॅथलिक असण्याची अट नाही. वय १८ च्या वर, मूल त्या शाळेत, एवढं असलं की उभं राहता येतं. शाळेत वर्षाला ५०० तासांपेक्षा जास्त पगारी काम करणारे आणि काउन्सिलचे निवडून आलेले नगरसेवक यातून बाद. मुदत साधारण ४ वर्षं, मानधन शून्य, वर्षात पूर्ण बॉडीच्या किमान ३ मीटिंग आणि शिवाय कमिट्या.

प्रक्रिया सोपी आहे. जागा रिकामी झाली की शाळा नोटीस पाठवते, तुम्ही नॉमिनेशन फॉर्म आणि स्वतःबद्दल छोटासा परिच्छेद द्यायचा, एकापेक्षा जास्त उमेदवार असतील तर गुप्त मतदान, नाहीतर बिनविरोध. निवडून आल्यावर २१ दिवसांत एन्हान्स्ड डीबीएस तपासणीचा (गुन्ह्यांच्या नोंदी तपासतात ती) अर्ज करावा लागतो, आणि तुमचे आर्थिक हितसंबंध लिहून द्यायचे, ते शाळेच्या वेबसाइटवर लागतात. त्या परिच्छेदात पदव्यांची माळ लावू नका, हिशोब येतो, बांधकाम कळतं, एचआरमध्ये काम केलंय असं काही लिहा, बजेट आणि गळकं छप्पर हेच विषय जास्त असतात तिथे.

तीच बॉडी वर सांगितलेली ती रांग ठरवते. नियम बदलायचे असतील तर १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारीच्या दरम्यान किमान ६ आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात, काहीच बदल नसला तरी ७ वर्षांतून एकदा मागवावीच लागतात, आणि २८ फेब्रुवारीपर्यंत पॉलिसी पक्की होते. गव्हर्नर नसलात तरी त्या काळात मत पाठवता येतं, आणि पक्की झालेली पॉलिसी नियमाविरुद्ध वाटली तर १५ मेपर्यंत स्कूल्स ॲडज्युडिकेटरकडे, म्हणजे अशा हरकतींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, हरकत घेता येते. नोटीस येते ती शाळेच्या न्यूजलेटरमध्ये, बेक सेल आणि हरवलेल्या स्वेटरच्या मधे कुठेतरी.