थ्रेशोल्ड म्हणजे पूर्ण ऑन नव्हे

‘आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचा (व्होल्टेजवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) थ्रेशोल्ड, म्हणजे त्याच्या गेट या पायावर ज्या व्होल्टेजला तो उघडायला लागतो ते, २ ते ४ व्होल्ट, मग आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टवर १२ व्होल्टची एलईडी पट्टी बिनधास्त लावा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. उत्पादकाच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, त्याच ओळीत करंटही लिहिलाय, तो कुणी वाचत नाही: २५० मायक्रोअँपिअर! एवढ्यात मॉसफेट जेमतेम डोळे किलकिले करतो. त्याचा ऑन असतानाचा १७.५ मिलिओहमचा रेझिस्टन्स गेटवर १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. ५ व्होल्टवर एखादा नग चालूनही जातो, दुसरा चटका देतो. म्हणून तर ही समजूत टिकली. आयआरएलझेड४४एन या मॉसफेटचा रेझिस्टन्स ५ व्होल्टलाही दिलाय, तो घ्या. ईएसपी३२ बोर्डाच्या ३.३ व्होल्टला मात्र तोही नको. एओ३४००ए हा मॉसफेट बघा, त्याच्या रेझिस्टन्सचा आकडा २.५ व्होल्टपासून मिळतो. २० मिलिअँपिअरच्या एकट्या एलईडीला बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर पुरे, त्याच्या बेस या पायाला १ किलोओहमचा रेझिस्टर लावून.