विकास आराखड्यावर हरकत: जागा तुमच्या नावावर नसली तरी अर्ज करता येतो

नगरपालिकेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा कच्चा आराखडा (डीपी), जाहीर झाला की बहुतेकजण आधी आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का, म्हणजे तो रस्ता, बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलाय का, ते बघतात. बघायलाच हवं. पण गावतळं, जुनी पेठ, कोळीवाड्यातली जाळी वाळवायची जागा यांचा उतारा कुणा एकाच्या नावावर नसतो, म्हणून त्यांच्यासाठी कुणी अर्जच करत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकत किंवा सूचना कोणतीही व्यक्ती देऊ शकते. मालकीची अट नाही. भाडेकरू देऊ शकतो, मंडळाचा कार्यकर्ताही. याच कायद्याच्या कलम २२ मध्ये ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागांचं जतन हा आराखड्याचाच विषय म्हणून दिला आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

मुदत साधारण ३० दिवसांची, आणि ती राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. जाहीर सूचनेत छापलेली शेवटची तारीख आधी टिपून ठेवा.

मग कार्यालयात जाऊन नकाशा पाहा. प्रस्तावित नकाशाआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा मागा. खरी गोम तिथे असते. तळं तिथे मोकळी जमीन म्हणून दाखवलं असेल, तर पुढे त्यावरून रस्ता आखताना कुणालाच काही खटकत नाही. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या, की राज्य शासनाने तो दुरुस्त करून पुन्हा मांडायला लावला. त्या चुका लोकांनीच शोधल्या होत्या.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नकाशात काय चुकलंय आणि त्याऐवजी काय हवं, एवढं नेमकं लिहा. ‘आमच्या गावाची ओळख जपा’ एवढ्यावर हरकती ऐकणारी नियोजन समिती काही करू शकत नाही. ‘गट नंबर अमुकमधलं तळं दाखवा, रस्ता उत्तरेकडून वळवा’ यावर करू शकते. सोबत नकाशाच्या त्या भागाची प्रत, तारखेसह फोटो आणि मिळाल्यास सातबारा किंवा मिळकत पत्रिका जोडा. स्वतःच्या जमिनीबद्दल हरकत असेल तर मालकीचा उतारा लावाच. संस्थेतर्फे अर्ज असेल तर ठराव जोडा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढे हीच समिती सुनावणीला बोलावते. पत्ता आणि फोन नीट लिहिलेला नसेल तर ती नोटीस हुकते. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला अधिकारपत्र द्या. बोलायला वेळ थोडा मिळतो, त्यामुळे फोटो आणि नकाशा आधी समोर ठेवा, बोलणं नंतर.

अंतिम मंजुरी राज्य शासन देतं. त्या टप्प्यावर शासनाने सारभूत, म्हणजे मोठे बदल सुचवले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात, म्हणून पहिल्या अर्जाची पोच जपून ठेवा.