फाइल दापोलीत, हेलपाटा सातासमुद्रापार

‘फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर आहे, मग नेट कशाला हवं?’ पावसाळ्यात दापोली-मंडणगडकडे हा प्रश्न हमखास निघतो. वाऱ्यात लाइट जाते, मागोमाग मोबाइलची रेंज. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असते, पण जुन्या ई-पुस्तकाची फाइल दिली की प्रोग्रॅम घुम्यासारखा बसून राहतो. कुणी अमावास्येला बोल लावतं, कुणी तीनदा रीस्टार्ट मारतं. दोन्ही तोडगे एकाच पठडीतले.

कारण फाइलच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं. एक्सएमएल फाइलमध्ये (म्हणजे मजकुरात खुणा घालून त्याची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये; ई-पुस्तकं बहुधा अशीच) सुरुवातीला ‘डॉकटाइप’ची ओळ असू शकते. तिच्यात बहुधा दोन गोष्टी: नियमावलीचं जाहीर नाव आणि तिचा इंटरनेटवरचा पत्ता. ही नियमावली म्हणजे डीटीडी: फाइलमध्ये कोणत्या खुणा, कोणते संक्षेप चालतात ते ती सांगते. एक्सएमएलला स्वतःला पाचच संक्षेप ठाऊक असतात. ‘एनबीएसपी’ म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, हे त्याला डीटीडीच सांगते. म्हणून फाइल नियमांत बसते का हे तपासायचं नसलं, तरी बरेच प्रोग्रॅम डीटीडी आणायला नेटवर धावतात, तेही दर फाइलमागे. देवगडात बसून हापूस वाशी मार्केटातून मागवावा, तशातला प्रकार.

याचा भार सोसतो दुसराच. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २००८ मध्ये तक्रार केली होती: आपल्याकडच्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या डीटीडींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात!

उपाय जुना आणि फुकट आहे: एक्सएमएल कॅटलॉग. ओएसिस या संस्थेनं २००५ मध्ये त्याची १.१ ही आवृत्ती प्रमाण ठरवली. कॅटलॉग ही साधी नोंदवही: अमुक पत्ता मागितला, तर डिस्कवरची तमुक प्रत द्या. मला यातली शोधाची रीत फार आवडते. आधी पत्ता अक्षरन् अक्षर जुळतो का ते पाहायचं. नाही जुळला, तर पत्त्याच्या सुरुवातीचा भाग जुळणाऱ्या नोंदी पाहायच्या, आणि दोन सापडल्या तर जिचा जुळणारा भाग लांब ती घ्यायची. त्यामुळे ‘या संस्थेचं सगळं या फोल्डरात’ असा सरसकट नियम लिहून, त्यातल्या एकाच उपविभागाला वेगळी जागा देता येते. नोंदींचा क्रम कसाही असो. पत्त्यावरून काहीच हाती लागलं नाही, तर जाहीर नावावरून शोध. (कॅटलॉगमधल्या ‘प्रेफर’ या सेटिंगला ‘सिस्टिम’, म्हणजे पत्त्याला पसंती, असं लिहिलं असेल आणि फाइलमध्ये पत्ता असेल, तर नावाच्या नोंदी विचारातच घेत नाहीत. इथे भलेभले अडखळतात.) तेही फसलं, तर पुढचा कॅटलॉग.

नेमस्पेसचा, म्हणजे कुठली खूण कुठल्या शब्दसंग्रहातली हे सांगणारा, पत्ता मात्र यात ओढू नये. तो वेबसाइटसारखा दिसतो खरा, पण ती फक्त ओळख आहे. प्रोग्रॅमनं तो उघडायचा नसतो.

कॅटलॉग लागला का, हे बघायला ‘एक्सएमएललिंट’ या एक्सएमएल तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ‘लोडडीटीडी’ आणि ‘नोनेट’ हे दोन पर्याय जोडून फाइल द्यावी. नेटची वाट बंद असूनही डीटीडी सापडली, तर काम झालं. हे मे महिन्यातच उरकावं.