न्यूग्रेंजच्या माणसाचे आईवडील

दंतकथेला डीएनएचा पुरावा मिळाला, अशा धाटणीच्या बातम्या २०२० साली आयर्लंडहून आल्या. दंतकथा बॉइन नदीकाठच्या डाउथची, म्हणजे पोटात थडगं असलेल्या एका प्राचीन टेकाडाची. राजाला एका दिवसात आभाळाला भिडणारा बुरूज हवा असतो. त्याची बहीण मंत्राने सूर्य थांबवते, राजा तिच्याशीच संग करतो, मंत्र तुटतो, अंधार पडतो. शेजारच्या न्यूग्रेंजच्या, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यातल्या एका पुरुषाचे आईवडील मात्र खरोखरच सख्खी भावंडं किंवा आई-मुलगा, बाप-मुलगी निघाले.

हे कळलं कसं, ते दंतकथेपेक्षा भारी आहे. नमुना घेतला आतल्या कानाभोवतीच्या हाडातून. हे हाड फार घट्ट, म्हणून त्यात डीएनए टिकतो. गुणसूत्रांच्या जोडीतलं एक आईचं, एक वडिलांचं. दोघं परके असतील तर दोन्ही प्रतींत ठिकठिकाणी फरक दिसतो. नात्यातले असतील तर एकाच पूर्वजाचा तुकडा दोन्ही बाजूंनी येऊन भेटतो आणि तेवढ्या पट्ट्यात फरक उरतच नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं; अशा जोडप्याच्या मुलात सरासरी सोळावा हिस्सा असा जुळतो. न्यूग्रेंजच्या माणसात जवळपास चौथा! शिवाय पट्ट्यांची लांबी बघायची. बीजपेशी बनताना दर पिढीत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे जुन्या नात्याचे पट्टे तुटत तुटत आखूड होतात. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्नं करणाऱ्या छोट्या वस्तीत असे आखूड पट्टेच पुष्कळ सापडतात. इथे ते लांबच लांब होते. म्हणजे नातं थेट आईवडिलांमधलंच.

दंतकथा कागदावर उतरली अकराव्या शतकाच्या आसपास. मधे चार हजार वर्षं गेली, आणि त्यातच इ.स.पू. २५०० नंतर बाहेरून आलेल्यांनी बेटावरची वंशावळच बहुतांशी पालटली. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या रॅथलिन बेटावरच्या ब्राँझयुगीन सांगाड्यांच्या डीएनएत ते स्पष्ट दिसतं. मग ही आठवण कोणी कोणाला सांगितली? वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास मावळतीचं ऊन डाउथच्या थडग्यात शिरतं. सूर्य थांबवल्याची गोष्ट सुचायला एवढं पुरे आहे, त्यासाठी चार हजार वर्षांची स्मरणशक्ती कशाला हवी?

न्यूग्रेंजच्या त्या माणसाला ‘राजा’ ठरवलं तेही प्राचीन इजिप्त आणि इंका राजघराण्यांतल्या भाऊ-बहीण विवाहांकडे बोट दाखवून. २०२५ मध्ये काही पुरातत्त्वज्ञांनी त्यावर रीतसर हरकत घेतली. हाती आहे तो कवटीचा एक तुकडा, आणि तोही १६९९ पासून माणसांची ये-जा असलेल्या दालनातला. थडगं बांधलं त्या काळी मृतांची हाडं इकडून तिकडे हलवतही असत. तेवढ्यावर त्यांना राजघराणं काही मान्य नाही.