एकाच चुलीवरचे दोन कातळ

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ल मॉर्न ब्राबाँ हा डोंगर उभा आहे. उंची ५५६ मीटर, म्हणजे चढ सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षा कमीच. सह्याद्रीत पाय मळलेल्या माणसाला इथला काळा कातळ आणि तांबडी माती पाहून घरी आल्यासारखं वाटतं. तसं वाटायला भूशास्त्राचा भक्कम आधार आहे.

पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका तप्त झोताला रीयुनियन हॉटस्पॉट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत या चुलीच्या डोक्यावर होता, तेव्हा लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची रांग राहिली. त्यांच्यावर पुढे प्रवाळ वाढलं, म्हणून आज तिथे काळा दगड दिसत नाही. दरम्यान दोन भूपट्टांमधली समुद्रतळातली मोठी भेग चुलीवरून सरकली आणि चूल आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आली. तिथे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्यावर आलं. आज ही चूल धगधगतेय शेजारच्या रीयुनियन बेटाखाली. थोडक्यात, सह्याद्री हे थोरलं भावंड आणि ल मॉर्न बरंच धाकटं.

लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे पाऊस आणि वारा पायथा पोखरतात, तेव्हा दगड या भेगांवरून उभाच्या उभा सुटतो. त्यामुळे डोंगर झिजतो, पण कडा गोलसर होत नाही, ताठच राहतो. आपल्याकडच्या किल्ल्यांना नैसर्गिक तटबंदी मिळाली ती अशीच. ल मॉर्नच्या माथ्यावर १२ हेक्टरहून जास्त जागा आहे आणि वर जायच्या वाटा अगदी मोजक्या. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या गुहांत आणि माथ्यावर लपले. आफ्रिका आणि मादागास्करखेरीज भारतातूनही गुलाम आणले जात, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामी संपली. ती बातमी द्यायला आलेले शिपाई पकडायलाच आलेत असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही कथा तोंडी परंपरेतली आहे. तिला कागदाचा पुरावा नाही. वरच्या वस्तीच्या खुणा मात्र उत्खननात मिळाल्या आहेत. २००८ मध्ये डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. गुलामांच्या जागी आणलेले भारतीय मजूर जिथे बोटीतून उतरले तो आप्रवासी घाट त्याआधी दोन वर्षं, २००६ ला. त्या मजुरांत कोकणातली माणसंही होती. मॉरिशसचा मराठी समाज त्यांचाच.

आता वाट. जाऊन-येऊन साधारण ७ किलोमीटर, वेळ ३ ते ४ तास. फाटकावर वहीत नाव लिहायचं. पहिला टप्पा रुंद मातीच्या रस्त्याचा, झाडीतून, गप्पा मारत जाण्यासारखा. मग एक उघडी सपाटी लागते. खाली खाजण, पलीकडे प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, निम्म्याहून जास्त देखावा पदरात पडलेला असतो. फोटोंतला तो प्रसिद्ध 'पाण्याखालचा धबधबा' इथून शोधू नका. खोल उतारावर घसरणाऱ्या वाळूमुळे होणारा तो दृष्टिभ्रम आहे आणि तो नीट दिसतो हेलिकॉप्टरमधून.

यानंतर हात वापरावे लागतात. वाट कातळटप्प्यांवर चढते, काही ठिकाणी दोर आहेत. नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. भीतीने तो पोट कातळाला चिकटवतो. त्याने शरीराचा भार तळव्यांवर सरळ पडत नाही, बुटाची पकड सुटते आणि पाय मागे निसटतात. कंबर कातळापासून थोडी लांब, वजन तळव्यांवर, टाच खाली. चारपैकी तीन अवयव कायम टेकलेले. दोराला तोल सावरण्यापुरतं धरा, लटकू नका: नायलॉन उन्हाने कमकुवत होतो, वरून धड दिसला तरी. एका वेळी एकच माणूस दोरावर.

पावसानंतर चोवीस तास तरी हा टप्पा टाळावा. बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, कुजून चिकणमाती होते, तिचा पातळ थर ओल्या कातळावर साबणासारखा वागतो. झिजलेल्या तळव्याचे बूट असतील तर कोरड्यातही तोच प्रकार.

वाट संपते लोखंडी क्रॉसपाशी, सुमारे ५०० मीटरवर. खरा माथा त्यापलीकडे, खोल खिंडीच्या पैल आहे. तिकडे वाट नाही.

उंचीने गारवा मिळेल ही आशा सोडा. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे वर जेमतेम ३ अंशांचा फरक, आणि काळा दगड तो भरून काढतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. माणशी २ लिटर पाणी खालूनच न्या, वाटेत मिळत नाही. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मुंबई उत्तरेला, दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर. त्यामुळे ऋतू उलटे: नोव्हेंबरअखेर आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर, शिवाय चक्रीवादळांचा हंगाम. मे ते ऑक्टोबर बरा. फाटक उघडताच निघा.

उतरताना घाई होते ती गुडघ्यांवर येते. मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेकचं काम करतात, त्यात ते चढण्यापेक्षा जास्त फाटतात. कातळटप्प्यावर तोंड कातळाकडे ठेवून, शिडीसारखं उतरा.

दम खायला थांबलात तर आजूबाजूच्या झुडपांत लाल, लोंबत्या घंटेसारखं फूल शोधा. ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, ट्रोकेशिया बुटोनियाना. जंगली अवस्थेत याच डोंगरावर उरलं आहे. फुलातला मध पारदर्शक नसून लालसर असतो. मॉरिशसच्या अशा फुलांवर दिवसा वावरणाऱ्या हिरव्या पाली मध चाटायला येतात. रंगीत मध त्यांना साध्या मधापेक्षा जास्त आवडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. चाटता चाटता पराग त्यांच्या तोंडाला लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. तोडू नका, आणि फोटोसाठी वाट सोडून आत शिरू नका. मुळांशी दोन-चार बोटं माती असते, ती पायाखाली सुटते.