गाल लागतोय की स्क्रीन स्वतःच चालतेय?

फोन कानाला लावून बोलताना मध्येच म्यूट होतो, होल्डवर जातो, नाहीतर कटच होतो. यामागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. एकात स्क्रीन ठणठणीत असते, पण कानाजवळ नेल्यावर ती बंद होत नाही आणि गाल खरोखरच बटणांना लागतो. दुसऱ्यात कुणी हातही लावलेला नसतो, तरी स्क्रीन आपोआप चालते. याला घोस्ट टच म्हणतात. वरवर त्रास सारखाच, म्हणून लोक सरळ डिस्प्ले बदलायला निघतात. पहिल्या बिघाडात तो खर्च बहुतेक वेळा वायाच जातो. म्हणून फोन दुकानात देण्याआधी घरीच खात्री करून घ्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कॉल लावा, स्पीकर चालू करा, फोन टेबलावर ठेवा आणि हात न लावता बोलत राहा. सगळं सुरळीत चाललं, पण कानाला लावताच गोंधळ सुरू झाला, तर संशय प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, म्हणजे कान जवळ आल्याचं ओळखणाऱ्या भागावर घ्यायचा. टेबलावरही बटणं आपोआप दाबली जात असतील तर घोस्ट टच.

प्रॉक्सिमिटी सेन्सर साधारणपणे कानाच्या स्पीकरजवळ असतो. तो डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडतो. गालावर आपटून ते परत आले की फोनला कळतं, कान जवळ आला. मग स्क्रीन काळी होते आणि टचही बंद होतो. तपासायचं असेल तर कॉल चालू असताना, स्पीकर बंद ठेवून, स्क्रीनच्या वरच्या कडेवर बोट आडवं धरा आणि सावकाश सरकवा. एका जागी स्क्रीन काळी व्हायला हवी, बोट उचललं की परत उजळायला हवी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#०*# डायल केलं की तपासणीचा मेनू उघडतो, त्यातही सेन्सर पाहता येतो.

स्क्रीन काळी झाली नाही तर आधी टेम्पर्ड ग्लास काढा आणि पुन्हा तपासा. माझ्या मते बाकी काहीही करण्याआधी हेच करावं. काचेची काळी किनार सेन्सरवर आली की किरण अडतात. कधी उलटंही होतं: काचेखालच्या धुळीवरून किंवा गोंदावरून किरण परत फिरतात, फोनला कायम कान जवळ असल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन काळीच राहते. मग कॉल कटही करता येत नाही. तात्पुरता उपाय म्हणून अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवायची सोय असते, ती चालू करा. मात्र मग बोलता बोलता स्क्रीन बंद करायला ते बटण दाबलंत तर कॉल कटेल, हे लक्षात असू द्या.

काही फोनमध्ये हा सेन्सर नसतोच. २०१६ च्या शाओमी मी मिक्समध्ये अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा आवाज) वापरून कान जवळ आल्याचं ओळखलं जात होतं. अशा फोनमध्ये सगळी मदार सॉफ्टवेअर, स्पीकर आणि माइकवर असते, त्यामुळे जाळीतला मळ काढणं आणि अपडेट करणं हेच आधीचे उपाय. २०१० मध्ये आयफोन ४ मध्येही प्रॉक्सिमिटी सेन्सरची तक्रार होती, ती आयओएस ४.१ च्या अपडेटने सुटली. काहीही न उघडता.

घोस्ट टचची कारणं निराळी. स्क्रीनखालचा टचचा थर विद्युतभारातला बारीक बदल मोजतो. घाम, पावसाचं पाणी, हलक्या दर्जाचा चार्जर, पडल्याने बसलेला मार, साधारण दर्जाचा बदललेला डिस्प्ले, यांतलं काहीही तो बदल घडवू शकतं. मूळ भागातही दोष असू शकतो: अ‍ॅपलने २०१८ मध्ये आयफोन टेनच्या काही डिस्प्लेंमधला असा दोष मान्य करून ते मोफत बदलून दिले. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली गेली असेल तर मात्र फोन चार्जिंगला लावू नका, आधी बॅटरी दाखवा.

खात्री करायला अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स हा लपलेला मेनू उघडा आणि पॉइंटर लोकेशन, म्हणजे स्पर्श होईल तिथे रेघा दाखवणारी सोय, चालू करा. स्क्रीन कोरडी पुसा, बोट लांब ठेवा. तरी रेघा उमटल्या की घोस्ट टच पक्का. फक्त चार्जिंगला असतानाच उमटत असतील तर चार्जर आणि केबल बदलून बघा. कायम एकाच पट्ट्यात येत असतील तर डिस्प्ले गेला असण्याची शक्यता जास्त.

सॅमसंगमधली चुकून होणारे स्पर्श रोखायची सेटिंग यावर चालत नाही. ती खिशात किंवा पर्समध्ये फोन असतानासाठी आहे. ब्लूटूथ इअरफोनवर बोलताना स्क्रीन चालू राहते, तोही बिघाड नाही.

डिस्प्ले बदलायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी दुकानातच एक कॉल लावा आणि ती बोटाची चाचणी करा. नवा डिस्प्ले बसवताना सेन्सर थोडा सरकला तर घोस्ट टच जातो आणि गाल लागायला सुरुवात होते.