पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो वायू

उद्योगांच्या उत्सर्जनाचे आकडे छापून आले की एक शंका हमखास निघते. लिटरभर पेट्रोलचं वजन सुमारे ७४० ग्रॅम, आणि ते जाळल्यावर म्हणे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो! पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेल कसं? आकडे फुगवलेत, दुसरं काय.

आकडे बरोबर आहेत. वरचं वजन हवेतून येतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचं मिश्रण, आणि त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बनच असतो. म्हणजे लिटरमागे साधारण ६४० ग्रॅम. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. शाळेतले अणुभार आठवा: कार्बन १२, ऑक्सिजन १६. बारा ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम वायू तयार होतो. ६४० ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, उत्तर २.३ किलोच्या आसपास येतं.

मला या हिशेबाचं भारी कौतुक वाटतं, कारण त्यात इंजिन कुठेच येत नाही! जनरेटर जुना की नवा, फोर्कलिफ्ट भरलेली की रिकामी, पंप रात्रभर चालला की तासभर, काही विचारावं लागत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ साली आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम मांडला, त्याच्याच जोरावर हे चालतं. टाकीत जेवढे कार्बनचे अणू गेले, तेवढे बाहेर पडणारच.

म्हणून कारखान्यातल्या पेट्रोलचं उत्सर्जन मोजायला धुराच्या नळीत यंत्र खुपसून बसत नाहीत. तसं यंत्र वायूचं प्रमाण सांगतं, म्हणजे शंभर भागांत कार्बन डायऑक्साइड किती. एकूण किती किलो गेला हे कळायला नळीतून दर सेकंदाला किती धूर वाहतो तेही अखंड मोजावं लागेल. मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर अशी यंत्रणा बसवतात, पण आवारात विखुरलेल्या पंधरा-वीस लहान इंजिनांसाठी तो उपद्व्याप कोण करणार? त्यापेक्षा सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा: एवढं पेट्रोल जळलं.

आता जरा किचकट भाग. आयपीसीसी ही हवामानबदलावरची आंतरसरकारी समिती. तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत पेट्रोलचा गुणांक, म्हणजे ठरावीक मापामागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, लिटरमागे दिलेला नाही, उष्णतेमागे दिला आहे: एका टेराज्यूलला (म्हणजे एक लाख कोटी ज्यूल उष्णतेला) ६९,३०० किलो. एक टन पेट्रोलची उष्णता ०.०४४३ टेराज्यूल धरली, तर टनामागे ३.०७ टन वायू येतो. उष्णतेचा वळसा का? कारण लिटर बेभरवशाचा असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की पेट्रोल जवळपास एक टक्का फुगतं. मिश्रणानुसार घनताही बदलते. तितक्याच उष्णतेमागचा कार्बन मात्र त्या मानाने स्थिर राहतो. तरी तोही अगदी पक्का नाही. मार्गदर्शिकेतच ६७,५०० ते ७३,००० अशी मर्यादा दिली आहे. अधिक नेमकेपणा हवा असेल तर आपल्या इंधनातला कार्बन प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचा.

थोडा कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याचं काय? हवेत त्याचाही काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून सगळा कार्बन पूर्ण जळाला असंच धरतात.

इथे इंधनाच्या नळीला बांधायच्या लोहचुंबकांची आठवण होते. ‘संपूर्ण ज्वलन, म्हणून कमी कार्बन डायऑक्साइड’ अशी त्यांची जाहिरात असते. ज्वलन खरंच अधिक संपूर्ण झालं, तर त्याच लिटरमागे हा वायू किंचित वाढेल! जाहिरात लिहिणाऱ्याने वरचा गुणाकार केलेला नसतो.

इथेनॉल मिसळलेलं असेल तर हिशेबाचे दोन भाग पडतात. इथेनॉलच्या लिटरमागे सुमारे दीड किलोच वायू निघतो, आणि त्यातला कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असल्याने त्याची नोंद वेगळी ठेवतात. मिश्रणाचा दावा खरा की खोटा हे तपासताही येतं. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा अर्धायुष्यकाळ सुमारे ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या तेलात तो उरलेलाच नसतो, ताज्या पिकापासून केलेल्या इथेनॉलमध्ये असतो.

एवढी काटेकोर भौतिकी पाठीशी असताना आकडा बिघडतो तो बहुधा भांडाराच्या वहीत. हजार लिटरच्या साठ्यातले ५० लिटर कुणाच्या गाडीत गेले आणि नोंद जनरेटरच्या नावावर पडली, तर ११५ किलो वायू वाहनांच्या रकान्याऐवजी स्थिर इंजिनांच्या रकान्यात जातो. तेच ५० लिटर यंत्राचे सुटे भाग धुवायला वापरले असतील, तर ते जळलेलेच नाहीत. त्यांची नोंद ज्वलनाच्या हिशेबात होता कामा नये.